अब्बांचा टॉवेल आणि काळी गाडी

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हाच मामूंनी बजावलं होतं, "काली नक्को ले रे भांजे, काली में सब दिखता." मामू पस्तीस वर्षं भवानी पेठेत डेंटिंग-पेंटिंगचं काम करतात. रंगाच्या बाबतीत आमच्या खानदानात त्यांचा शब्द शेवटचा. पण गाडी एकाच मालकाने वापरलेली होती, भाव बरा होता, आणि खरं सांगायचं तर मला काळीच हवी होती. आजोबांची सायकल, अब्बांची लुना, माझी दुचाकी आणि मग ही. चार चाकांवर पोहोचायला आम्हाला तीन पिढ्या लागल्या, तेव्हा रंग तरी आपल्या मनाचा असावा, एवढंच.

गाडी आली आणि पंधरा दिवसांत अब्बा सोलापुराहून आले. हुतात्मा एक्स्प्रेसने, हातात एक पिशवी आणि पिशवीत सहा टॉवेल. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, पण शुगर आटोक्यात आल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनला हात लावायला तयार नव्हते. म्हणजे दोन-तीन महिने मुक्काम. अब्बांनी चाळीस वर्षं टेरी टॉवेलच्या मागावर काढली आहेत. आधी विजापूर वेशीजवळच्या एका कारखान्यात, नंतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. त्यामुळे ते कुठेही गेले की मिठाईच्या पुड्याऐवजी टॉवेल नेतात. लग्नाला टॉवेल, बारशाला टॉवेल, आजाऱ्याला भेटायला गेले तरी टॉवेल.

कोंढव्यातल्या आमच्या सोसायटीच्या समोर एक मोठी इमारत उभी राहते आहे. रात्रभरात पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीवर पिठासारखी धूळ बसते. अब्बा फजरची नमाज पढून आले की झोपत नाहीत, ही त्यांची जुनी सवय, पहिल्या पाळीची. मग ते खाली जायचे आणि आपल्याच मागावरचा निळ्या काठाचा टॉवेल घेऊन गाडी पुसायचे. कोरडीच. पाणी वापरायचं नाही, हा त्यांचा कटाक्ष. सोलापुरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं. ज्याने सगळं आयुष्य पिंपं भरण्यात काढलं, तो माणूस लोखंडाला आंघोळ घालायला पाणी कसं वापरणार? मी वरच्या गॅलरीतून बघायचो. बोनेटवर, मग ड्रायव्हरच्या दारावर, दाबून, मागेपुढे, मागेपुढे. पुसून झालं की दोन पावलं मागे सरकून बघायचे. अंधुक डोळ्यांना कितपत दिसत होतं अल्ला जाणे, पण चेहऱ्यावर समाधान असायचं. मला ते बघायला आवडायचं. मी कधी "नका पुसू" म्हणालो नाही.

दीड महिन्याने एका दुपारी गाडी उन्हात लावली होती. परत आलो तर बोनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं. बारीक बारीक गोल रेघा, शेकड्यांनी. मी हाताने पुसल्या, गेल्या नाहीत. दारावरही तेच.

आणि माझ्या डोक्यात एका क्षणात नाव आलं ते अब्बांचं नाही. आमच्या सोसायटीत एक पोरगा गाड्या पुसतो. एकोणीस-वीस वर्षांचा, बिहारकडचा. महिन्याला गाडीमागे पाचशे रुपये. एक बादली, एक फडकं, आणि ते फडकं मूळचं कुठल्या रंगाचं असेल हे सांगता येणार नाही. संध्याकाळी तो गेटजवळ दिसला तेव्हा मी वॉचमनच्या देखत त्याला धारेवर धरलं. त्या महिन्याचे पैसे देणार नाही म्हणालो. उद्यापासून माझ्या गाडीला हात लावायचा नाही म्हणालो. आणि एक वाक्य बोललो, "तुम लोगों का काम ही ऐसा होता है."

तुम लोग. पुण्यात भाड्याचं घर शोधताना, नाव सांगितल्यावर समोरच्याचा बदललेला आवाज मी किती वेळा ऐकला आहे, आणि त्यावर याच ब्लॉगवर लिहिलंही आहे. ते दोन शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघाले, की जिना चढून घरी येईपर्यंत मला ते ऐकूही आले नाहीत. पोरगा काही बोलला नाही. बादली उचलून निघून गेला.

रविवारी गाडी मामूंकडे नेली. मामूंनी शटर अर्धं ओढून अंधार केला आणि हातातली बॅटरी बोनेटवर तिरपी धरली. जाळं उजळलं. बॅटरी सरकवली की जाळंही सरकायचं. मला आश्चर्य वाटलं, तर मामू म्हणाले की रेघा गोल नसतातच. सगळ्या बाजूंनी गेलेल्या सरळ रेघा असतात, पण उजेडाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल दिसतात. मग नखाने चाचपलं. नख अडकलं नाही. "ऊपर ऊपर है. क्लिअर में है."

क्लिअर म्हणजे काय हे मला त्या दिवशी नीट कळलं. गाडीचा पत्रा, त्यावर गंज न धरण्याचा थर, प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक लाखेसारखा क्लिअर कोट. आपण ज्याला गाडीची चमक म्हणतो ती रंगाची नसते, या क्लिअरची असते. कंपनीतून आलेल्या गाडीवर तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो. माणसाच्या केसाची जाडी धरा ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसापेक्षाही पातळ. हा थर एक प्रकारचं प्लास्टिकच, आणि त्यावर बसणाऱ्या धुळीत वाळूचे कण. वाळूतल्या क्वार्ट्‌झचा कठीणपणा मोजपट्टीवर ७ येतो, साध्या सुरीच्या पोलादाचा साडेपाचच्या आसपास. "कपडा नहीं खरोचता रे," मामू म्हणाले, "कपडे में जो बैठा है वो खरोचता. मखमल लेके भी सुकी धूल पोंछेगा तो पॉलिश पेपर ही मारेगा."

मग त्यांनी डिकी उघडली. आत निळ्या काठाचा टॉवेल घडी घालून ठेवलेला. मामूंनी तो उचलला, एका पांढऱ्या कागदावर झटकला आणि कागदावर पडलेलं बोटांच्या चिमटीत चोळून माझ्या कानाजवळ आणलं. किरकिर ऐकू आली.

"भाईजान पोंछते?"

मी मान हलवली. मामू काही वेळ गप्प राहिले. अब्बा त्यांचे मेहुणे, वयाने आणि मानाने मोठे. मग हळू आवाजात म्हणाले की त्या पोराच्या फडक्यानेही काही रेघा पडल्याच असणार, त्याला सोडून देऊ नका, पण ओल्या फडक्याने एवढं होत नाही. आणि जाळं दाट आहे ते फक्त बोनेटवर आणि ड्रायव्हरच्या दारावर. पोरगा पुसायचा ती अख्खी गाडी. बोनेट आणि दारच कोण पुसतो?

टॉवेलच्या लूपमध्ये अडकलेला कण बाहेर पडत नाही, उलट प्रत्येक वेळी नवे कण येऊन बसतात. दीड महिना रोज तोच टॉवेल, तोही न धुता, कारण अब्बांच्या दृष्टीने तो फक्त गाडीला लागला होता, मळला कुठे होता?

बफिंग मारून रेघा घालवता येतात, पण मामू तयार नव्हते. पॉलिश म्हणजे चमक लावणं नव्हे, रेघेच्या तळापर्यंत क्लिअर खरवडून सपाट करणं. प्रत्येक वेळी काही मायक्रॉन जातात आणि गेलेले परत येत नाहीत. आधी पुसायची पद्धत बदला, मग एकदाच हलका हात मारतो, असं त्यांनी सांगितलं. आणि जाताना म्हणाले, "भाईजान को मत बोल."

मी बोलणार नव्हतोच. टॉवेल धुऊन बाथरूममध्ये टांगला आणि गाडी सोसायटीच्या मागच्या बाजूला, सावलीत लावायला लागलो. अब्बांना सांगितलं की सर्व्हिसिंगवाल्याने कव्हर घालायला सांगितलंय, रोज पुसायची गरज नाही. त्यांनी मान डोलावली. पहाटे त्यांना काही काम उरलं नाही. दिवाणखान्यात तसबीह घेऊन बसून राहायचे.

पुढच्या महिन्यात शुगर उतरली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग काही आठवड्यांनी दुसऱ्याचं. ऑपरेशननंतर अब्बा लहान मुलासारखे झाले. भिंतीचा रंग एवढा पांढरा आहे होय, अम्मीच्या हातावर एवढ्या सुरकुत्या कधी आल्या, असं काहीबाही. आणि एका शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजला निघताना, पार्किंगमध्ये थांबले. ऊन थेट बोनेटवर होतं. मी कव्हर काढून ठेवलं होतं आणि आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

"ये जाला कायका है?"

मी म्हणालो, जुनी गाडी आहे, आधीपासूनच असेल. अब्बांनी बोनेटवर बोट ठेवलं आणि एका रेघेवरून फिरवलं. ज्या हातांनी चाळीस वर्षं कापडावरून तुटलेला धागा शोधला, त्या हातांना खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. बोट ज्या दिशेने फिरलं ती त्यांच्याच हाताची दिशा होती, मागेपुढे, मागेपुढे. काही न बोलता गाडीत बसले. नमाजनंतर, मशिदीच्या पायऱ्यांवर चप्पल घालताना म्हणाले, "उस बच्चे को तूने मेरे वास्ते निकाला?"

वॉचमनने त्यांना केव्हाच सांगितलं होतं. ते गप्प राहिले होते, कारण त्यांनाही वाटलं होतं की पोराचीच चूक असेल.

त्यानंतर आठवडाभर घरात टॉवेल हा शब्द कुणी काढला नाही. मग एके दिवशी अब्बांनीच विचारलं की तुझे मामू कसल्या कपड्याने पुसतात. मी मायक्रोफायबर म्हटलं. "वो पोलिस्टर?" असं म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं. सोलापुरी टॉवेलला जीआय मिळालेलं आहे, आणि अब्बांना कापूस सोडून बाकी सगळं कापड म्हणजे ताडपत्री. पण दुसऱ्याच रविवारी ते माझ्याबरोबर नाना पेठेत आले. तिथे गाडीच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत, आणि प्रत्येक दुकानाबाहेर निळे, पिवळे, करडे टॉवेल लटकलेले.

मी एकटा गेलो असतो तर सगळ्यात जाड, सगळ्यात महाग टॉवेल उचलून आलो असतो. पाकिटावर मोठ्या आकड्यात ८०० जीएसएम लिहिलेलं होतं, माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. अब्बांनी पाकीट हातात घेतलं, वरखाली केलं आणि दुकानदाराला वजनकाटा मागितला. जीएसएम त्यांचा घरचा शब्द. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन, एवढंच. त्यांनी मला तोंडी हिशेब सांगितला. टॉवेल ४० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे ०.१६ चौरस मीटर. ८०० चा असेल तर १२८ ग्रॅम भरला पाहिजे. काट्यावर तो भरला ५२. म्हणजे सव्वातीनशेचा माल. दुकानदार हसायला लागला. त्याने आतून दुसरा गठ्ठा काढला, त्यावर ४०० लिहिलेलं. हिशेबाने ६४ हवा, भरला ६२. काठाच्या शिलाईत दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होतात. "ये आदमी सच्चा है," अब्बा टॉवेलबद्दल म्हणाले की बनवणाऱ्याबद्दल, ठाऊक नाही.

पण वजन म्हणजे मऊपणा नव्हे, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांनी टॉवेल डोळ्याजवळ धरून पाईल बघितली. आपल्या टेरी टॉवेलला दोन ताणे लागतात. एक जमिनीचा, घट्ट ओढलेल्या बीमवरचा, आणि एक पाईलचा, सैल बीमवरचा. पहिले दोन बाणे फणी पूर्ण ठोकत नाही, थोडी जागा राखते. तिसऱ्या बाण्याला पूर्ण ठोका बसतो, तिन्ही बाणे एकदम पुढे सरकतात, आणि सैल ताण्याला जायला जागा नसते म्हणून तो उभा राहतो. तो उभा राहिलेला धागा म्हणजे लूप, अंग पुसताना पाणी ओढतो तो. हे सांगताना अब्बा दुकानाच्या काउंटरवर दोन्ही हातांनी माग चालवून दाखवत होते आणि दोन गिऱ्हाइकं थांबून बघत होती.

मायक्रोफायबरचं तसं नाही. बहुतेक टॉवेल मागावर विणलेले नसतात, होजियरीसारखे गुंफलेले असतात. तंतू एक डेनिअरपेक्षा बारीक, आणि एक डेनिअर म्हणजे ९००० मीटर तंतूचं वजन एक ग्रॅम. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० साली असा तंतू काढला तो टॉवेलसाठी नव्हे, कातड्यासारखं मऊ कापड बनवायला. पुसायच्या कापडात पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन, एकाच तंतूत जोडून काढतात आणि मग तो फोडतात. मोसंबीच्या फोडी सुट्या व्हाव्यात तशा. पाकिटावर ८०-२० किंवा ७०-३० लिहिलेलं असतं ते याच दोघांचं प्रमाण, दुसरा आकडा पॉलिअमाइडचा. फोडी सुट्या झाल्या की त्यांच्या फटींत पाणी आणि धूळ ओढली जाते. नीट फोडलेलाच नसेल तर तो नुसता पॉलिस्टरचा गुळगुळीत कपडा, पाणी पुढे ढकलत नेतो. हे ओळखायची रीत सोपी. काउंटरवर चार थेंब टाका आणि टॉवेल न दाबता वरून ओढा. थेंब उचलला तर ठीक, पसरला तर परत द्या. कोरड्या, खरबरीत हाताला टॉवेल चिकटल्यासारखा अडकतो, तीही खूण चांगली. अब्बांच्या तळहाताला तो असा अडकला की त्यांनी शहारून हात मागे घेतला.

मामूंची आणखी एक परीक्षा आहे. जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर टॉवेल, त्याचा काठसुद्धा, दाबून घासायचा आणि उजेडात बघायचं. घरी अम्मीच्या कव्वालीच्या सीड्या होत्या, प्लेअर बंद पडून दहा वर्षं झालेली. पहिल्या टॉवेलची पाईल पास झाली, पण काठाने बारीक रेघ उठवली. काठावरची शिलाई नायलॉनच्या दोऱ्याची असते, आणि खरी मेख तिथे. म्हणून एक तर रेशमी पट्टीचा मऊ काठ असलेला टॉवेल घ्यावा, किंवा शिलाईच नसलेला, नुसता कापलेला. धुण्याच्या सूचनांची ती छोटी चिठ्ठीही तशीच वाईट. अब्बांनी आपल्या पिशवीतली मागावरची कातर काढली आणि बारा टॉवेलांच्या चिठ्ठ्या एकेक टाका उसवून काढल्या. नुसती कापली तर बुडखा राहतो आणि तोच टोचतो. अशी कातर पिशवीत घेऊन फिरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

शेवटी आम्ही काय घेतलं ते सांगतो, कारण पुष्कळ जण हेच विचारतात. पुसायला ३५० ते ४५० जीएसएमच्या मधले, दोन्ही बाजूंना पाईल असलेले आठ. मऊ उभी पाईल असली की एखादा कण राहिलाच तर तो आत जातो, टॉवेल आणि क्लिअरच्या मध्ये अडकून रगडला जात नाही. पाणी टिपायला एक मोठा, सहाशेच्या आसपासचा. काचेसाठी पातळ, कमी लोकरीचे दोन, कारण जाड टॉवेल काचेवर धागे सोडतो. चाकांसाठी एक स्वस्तातला, काळ्या रंगाचा, म्हणजे तो चुकून दुसऱ्यांत मिसळणार नाही. ब्रेकची भुकटी लागलेला टॉवेल पुन्हा बोनेटवर नको. त्या दिवशी ८०० वाला आणला असता तर याच्या दीडपट पैसे गेले असते.

आता पाण्याचा प्रश्न. पाइप लावून गाडी धुणं अब्बांना मंजूर नव्हतं आणि आमच्या सोसायटीलाही नाही, उन्हाळ्यात टँकर येतात. मामूंनी यावर न खळाळता धुवायचा शाम्पू दिला. आठ-दहा लिटर पाण्यात झाकणभर, फेस नाही, फक्त पाणी निसरडं होतं. सहा टॉवेल त्या बादलीत भिजत टाकायचे. गाडी सावलीत आणि बोनेट थंड. एक टॉवेल काढायचा, हलका पिळायचा, दोनदा दुमडायचा, म्हणजे उलटसुलट मिळून आठ कोऱ्या बाजू होतात. वरून सुरुवात, छप्पर, काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग. टॉवेलच्या वजनावरच एकदा सरळ ओढायचं, गोल नाही, मागेपुढे तर नाहीच, आणि बाजू बदलायची. आठ बाजू संपल्या की तो टॉवेल रिकाम्या बादलीत. पुन्हा पाण्यात बुडवायचा नाही, बुडवलात की सगळी माती बादलीत उतरते आणि पुढच्या टॉवेलबरोबर परत बोनेटवर येते. दाराच्या खालची पट्टी सगळ्यात शेवटी. मग मोठा टॉवेल पसरायचा आणि टोकाला धरून अलगद ओढायचा, कारण बोअरचं पाणी तसंच सुकलं तर पांढरे डाग धरतं. टॉवेल हातातून जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो संपला. मामूंच्या दुकानात पडलेला टॉवेल उचलून वापरणाऱ्या पोराला काय ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पावसाळ्यात चिखल उडालेला असेल तेव्हा मात्र ही रीत चालत नाही. आधी जोराच्या पाण्याने चिखल काढावाच लागतो, मग मी वॉशिंग सेंटरला जातो आणि पुसायचे टॉवेल घरून नेतो.

धुण्याच्या बाबतीत पहिल्याच महिन्यात फजिती झाली. अम्मीने सगळे टॉवेल अब्बांच्या लुंग्या आणि चादरींबरोबर मशीनला लावले आणि वर सुगंधी सॉफ्टनर ओतलं. टॉवेल छान मऊ झाले, वासही गुलाबाचा, पण पाणी उचलेनात आणि काचेवर तेलकट पट्टे उठायला लागले. सॉफ्टनर तंतूंवर बसतं आणि फोडींमधल्या त्या फटी बंद करतं. शिवाय सुती कपड्यांचे धागे मायक्रोफायबरला चिकटले ते निघता निघेनात. आता ते वेगळे धुतले जातात, पातळ साबणाने, कोमट पाण्यात, आणि सावलीत वाळतात. ब्लीच नाही, कडक गरम पाणी नाही, इस्त्री तर विसराच, तंतूंची टोकं वितळून कडक होतात. आणि धुताना यातले बारीक प्लास्टिकचे तंतू पाण्याबरोबर जातात, हे मला सलतं. अब्बांनी ते ऐकल्यावर "बोला था" एवढंच म्हटलं. ते अजून कापसाच्याच बाजूचे आहेत. एकदा टॉवेल वाळत घालताना, कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "चालीस साल आदमी के बदन का कपडा बनाया मैंने. लोहे का थोडी बनाया."

मामूंनी ठरल्याप्रमाणे एकदा हलकं पॉलिश मारलं. जाळं बरंचसं गेलं. दारावर चार-पाच खोल रेघा राहिल्या, त्या राहू द्या म्हणाले.

त्या पोराकडे मी बरेच दिवस गेलो नाही. शब्द जुळवत होतो. शेवटी अब्बांनी विचारायचंही सोडून दिलं तेव्हा गेलो. राहिलेले पैसे पाकिटात घातले आणि सहा नवे टॉवेल बरोबर घेतले. पार्किंगमध्ये, वॉचमनच्या देखतच, माझी चूक झाली म्हणून सांगितलं. तुम लोग म्हणालो त्याचीही माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं. पैसे मोजून खिशात टाकले. टॉवेल हातात घेऊन बघितले आणि परत दिले.

"साहब, बाईस गाडी है. आठ बजे तक. एक गाडी को छह कपडा, तो बाईस को कितना हुआ? और ये धोएगा कौन?"

एकशे बत्तीस. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाचशे रुपयांत गाडी रोज पुसून घेणाऱ्या आम्हा बावीस घरांपैकी एकाकडेही नसावं. मी विचारलं, माझी गाडी पुन्हा घेशील का? म्हणाला, आपकी छोड के बोलिए.

अब्बा सोलापूरला परतायच्या आधी महिनाभर पुन्हा पहाटे खाली जायला लागले होते. गाडी पुसायला नाही, ती मी रविवारी पुसतो. ते त्या पोराजवळ बाकावर बसायचे. त्यांच्यात काय ठरलं मला ठाऊक नाही, पण आता त्याच्याकडे दोन बादल्या असतात, एक धुवायची आणि एक खळाळायची. आणि फडकी चार झाली आहेत, त्यातलं एक फक्त चाकांचं. धूळ फार असली की आधी मगभर पाणी बोनेटवर सोडतो आणि मग पुसतो. त्याची फडकी सुतीच आहेत, निळ्या काठाची, आणि ती घट्ट शिवलेली काठ-पट्टी कुणीतरी कातरीने उसवून काढलेली आहे.

माझ्या गाडीपाशी आला की तो ती सोडून पुढच्या गाडीकडे जातो. परवा अब्बांचा फोन आला होता. माझ्याशी दोन मिनिटं बोलले, मग म्हणाले, नीचे है क्या वो, दे जरा उसको.